घरी लावता न येणारी चित्रं

काळा घोड्याच्या एका गॅलरीत दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची वही असते, तिला दोरीने पेन बांधलेलं. गेल्या हिवाळ्यात तिथलं प्रदर्शन पाहून निघताना मी ती चाळली. एका वळणदार, मास्तरी अक्षरात लिहिलं होतं : 'चित्रं छान आहेत, पण घरी लावता येणार नाहीत. रात्री पाणी प्यायला उठलं तर दचकायला होईल.' त्याखाली दुसऱ्या कुणीतरी घाईघाईत खरडलं होतं : 'घरी लावायला कॅलेंडर मिळतं.' तिसरी ओळ लिहायची मला फार खुमखुमी आली होती, पण पानावर जागा नव्हती आणि मागे एक बाई पेनासाठी थांबल्या होत्या. म्हणून हा लेख.

आजच्या कलेबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो, तो या दोन ओळींच्या पुढे क्वचितच सरकतो. एक बाजू म्हणते, कलेने मन प्रसन्न करावं; लोकलची गर्दी, दवाखान्याची बिलं, रात्रीच्या बातम्या हे सगळं आहेच, आता भिंतीवरही तेच कशाला? दुसरी म्हणते, प्रसन्न करणारं चित्र म्हणजे सोफ्याच्या कापडाला साजेसं चित्र. कला अस्वस्थ करत नसेल तर ती सजावट. पहिलीला दुसरी आगाऊ वाटते, दुसरीला पहिली मागासलेली. पण जरा नीट ऐकलं तर या भांडणाऱ्यांचं एका बाबतीत घट्ट एकमत आहे : सौंदर्य एका पारड्यात, अस्वस्थता दुसऱ्यात, एक वर गेलं की दुसरं खाली आलंच पाहिजे. मला हा तराजूच मान्य नाही. जी कलाकृती आतून हलवते ती आपल्या देखणेपणाच्या जोरावरच हलवते. नुसत्या विषयाच्या जोरावर हलवू पाहणारी आपल्याला फार तर दोन मिनिटं खजील करते; मग आपण चहा कुठे मिळतो ते शोधू लागतो.

हवेत बोलण्यापेक्षा एक खोली दाखवतो. २०१६च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेची, म्हणजे केरळात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाची, मांडणी मुंबईचे सुदर्शन शेट्टी यांनी केली होती. फोर्ट कोचीत ॲस्पिनवॉल हाउस नावाचं जुन्या व्यापारी कंपनीचं आवार आहे. तिथल्या एका लांबलचक वखारीत चिलीचे कवी राऊल सुरिता यांनी समुद्राचं पाणी भरलं होतं. कलाकृतीचं नाव 'द सी ऑफ पेन', वेदनेचा समुद्र. चपला दाराशी काढायच्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि आत शिरायचं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मोजके प्रश्न : ऐकू येत नाही का? दिसत नाही का? अशा धर्तीचे, विचारणारा कोण ते न सांगणारे. कविता मात्र पार टोकाच्या भिंतीवर. ती वाचायची तर सगळी वखार पाण्यातून चालत जावं लागतं, आणि पाण्यातून भरभर चालता येत नाही. पाऊल टाकलं की तरंग उठून भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा तरंग तुमच्या पोटरीला लागतो. माणसं आपोआप हळू चालू लागतात, शिंतोडे उडू नयेत म्हणून जपतात, बोलणं थांबवतात.

सप्टेंबर २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या चिमुकल्या आलान कुर्दीचा फोटो जगाने पाहिला. त्याच रात्री त्याच समुद्रात त्याचा थोरला भाऊ गालिपही बुडाला होता; त्याचा तसा फोटो जगाच्या डोळ्यांसमोर आला नाही. टोकाच्या भिंतीवरची कविता या गालिपसाठी आहे. आपण त्याचे वडील नाही, पण गालिप कुर्दी आपला मुलगा आहे, असं कवी शेवटी म्हणतो.

आता मला सांगा, ती खोली सुंदर होती की अस्वस्थ करणारी? सुंदर होतीच. पाण्यावरचा उजेड, जुन्या भिंती, ती शांतता. एखाद्या तळ्याकाठच्या देवळात जावं तसं वाटत होतं. आणि म्हणूनच तिथे उभं राहणं जड जात होतं. आलानचा फोटो आपण मोबाइलवर पाहिला तेव्हा त्याला किती वेळ दिला? अंगठा वर सरकला आणि खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. तो फोटो कमी भयंकर होता म्हणून नव्हे, तर आपल्याला तिथे थांबवून ठेवील असं त्याच्या भोवती काही नव्हतं म्हणून. सुरितांनी भयंकर असं काही दाखवलंच नाही. त्यांनी आपली चाल बदलली. पाण्याच्या गतीने चालायला लावून जी पाच मिनिटं आपल्याकडून काढून घेतली, ती सौंदर्याची मजुरी होती.

यावर कुणी म्हणेल, पोटरीभर पाण्यात उभं राहून निर्वासिताचं दुःख कळतं, हा सुखवस्तू माणसाचा भ्रम आहे. कळत नाहीच. पण मराठीत या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी एक चांगला शब्द सापडलेला आहे, आपण तो विसरलो. दुःखी नाटक पाहून आनंद कसा होतो यावर आपल्याकडे बराच खल झाला. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्याचं उत्तर 'सविकल्प समाधी' असं दिलं. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण आपण आपणच आहोत हे भान न सोडता. शोकांतिका पाहताना आपण रडतो आणि आपली पर्स मांडीवर आहे ना हेही चाचपतो. कोचीच्या वखारीत नेमकं हेच घडत होतं. पाय त्या समुद्रात आणि डोकं ठिकाणावर, की आपल्याला पाच मिनिटांनी बाहेर पडून टॉवेलने पाय पुसायचे आहेत, गालिपला पुसता आले नाहीत. अस्वस्थता त्या 'सविकल्प'मधून येते. समाधी पूर्ण लागली असती तर आपण नुसते रडून मोकळे झालो असतो.

'आपल्या परंपरेत कला ही आनंदासाठी, हे भयाण प्रकार पश्चिमेकडून आले' असं म्हणणाऱ्यांना मी गेटवेवरून लाँचमध्ये बसवू इच्छितो. घारापुरीच्या मुख्य लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर जवळपास तीन पुरुष उंच अशी तीन तोंडांची ती मूर्ती आहे, साधारण सहाव्या शतकातली. सगळे तिला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश शोधतात. आहे तो एकटा शिवच. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. पाहणाऱ्याच्या उजवीकडे उमेचा, म्हणजे वामदेव या शिवाच्याच कोमल, स्त्रीरूपाचा : भरलेले ओठ, हातात कमळ. आणि डावीकडे अघोर भैरव, शिवाचं उग्र रूप : कपाळाला आठी, मिशी, मुकुटात कवटी, हातात साप. ज्याने हे कोरलं त्याला भैरव वेगळ्या दालनात नेता आला असता, 'संवेदनशील प्रेक्षकांनी पुढे जाऊ नये' अशी पाटी लावता आली असती. त्याने तिन्ही तोंडं एकाच खडकात एकाच मानेवर बसवली. आणि गंमत पाहा, छिन्नीची सफाई भैरवाच्या आठीतही तेवढीच आहे जेवढी उमेच्या ओठांत. भैरवाला ओबडधोबड करून भय दाखवावं असं त्या कारागिराला वाटलं नाही. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांतले करुण, रौद्र, भयानक, बीभत्स हे चार, म्हणजे निम्मे. तेव्हा परंपरेचा हवाला द्यायचा तर पुरा द्यावा.

इतकं लांबही जायला नको. आमच्या कोकणात शिमग्याला संकासुर येतो. काळा पायघोळ, तोंडावर मुखवटा, कमरेला वाजणारा पट्टा. तो अंगणात शिरला की मी आजीच्या लुगड्यामागे लपत असे, आणि लगेच तिच्या कोपरातून डोकं काढून पाहत असे. भीती आणि डोळे न हटणं यांत मला तेव्हा काही विरोध दिसत नव्हता. तो कुणी शिकवला कोण जाणे. बहुधा बैठकीच्या खोलीने.

आणि मर्ढेकर. पिंपात मेलेल्या ओल्या उंदरांची कविता मराठीत आली तेव्हा ही काय कविता झाली, असा गदारोळ झाला. 'काही कविता' या संग्रहावर तर अश्लीलतेचा खटलाही चालला आणि ते निर्दोष सुटले. पण याच माणसाने मराठीत सौंदर्याचं सगळ्यांत कडक शास्त्र मांडलं, हा योगायोग नव्हता. सौंदर्य म्हणजे लय, आणि लयीचे तीन नियम : संवाद, विरोध, समतोल. मधला शब्द पुन्हा वाचावा. विरोध त्यांनी सौंदर्याच्या घराबाहेर ठेवला नाही, घरातलाच एक खांब मानला. उंदरांची कविता ज्यांना उलगडत नाही अशा कितीतरी लोकांना ती तोंडपाठ आहे, कारण ती घट्ट लयीत बांधलेली आहे. तेच उंदीर विस्कळीत गद्यात मांडले असते तर आज ते कुणाच्या डोक्यात वळवळले असते?

आता समोरच्यांचं खरं खरं ऐकून घेऊ. वहीतल्या त्या मास्तरांची मी बाजू घेतो, कारण त्यांना कॅलेंडर दाखवणाऱ्याने ती घेतली नाही. दिवसभर कष्टून आलेल्या माणसाने घराच्या भिंतीवर शांतता मागितली तर त्यात हीन काय आहे? काही नाही. घराची भिंत आणि प्रदर्शनाची भिंत यांचं काम वेगळं, एवढंच. घारापुरीचा भैरव तरी कोण दिवाणखान्यात लावतो? पण त्यांच्या बोलण्यातला एक धागा मला मान्य नाही : दुःखात असलेल्या माणसाला सुंदरच काहीतरी हवं असतं, हा. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ग्र्यूनेवाल्ड नावाच्या जर्मन चित्रकाराने इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र केलं. त्या मठात 'सेंट अँथनीच्या आगी'ने ग्रासलेल्यांची शुश्रूषा होई. राई धान्यावरच्या बुरशीच्या विषाने हा रोग होई, हातपाय काळे पडून झडत. रुग्णांसाठी असलेल्या या चित्रातला क्रूसावरचा येशू कसा रंगवला? हिरवट कातडी, अंगभर काट्यांच्या जखमा, वेड्यावाकड्या ताठरलेल्या बोटांचे हात. आणि त्याच वेदीची दारं उघडली की आत केशरी-पिवळ्या वलयात वर चढणारा, कातडी नितळ झालेला येशू. झडणाऱ्या हातांच्या माणसांना त्या मठाने गुलाबाची चित्रं दाखवली नाहीत. तुमच्यासारखंच अंग त्याचंही झालं होतं, हे आधी दाखवलं. आज ते चित्र कोल्मारच्या संग्रहालयात आहे.

पण याच उदाहरणात माझ्या विरोधकांचा सगळ्यांत धारदार मुद्दाही दडलेला आहे, तो मीच काढून देतो. इझेनहाइमला ज्यांचं दुःख, तेच पाहणारे. आपल्या गॅलरीत दुःख एकाचं, पाहणारा दुसरा आणि विकत घेणारा तिसरा. चित्रकार तय्यब मेहतांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात पाय बांधून पाडलेले बैल पाहिले. फाळणीच्या काळात मुंबईच्या रस्त्यावर माणूस मारला जाताना पाहिला होता, तो घाव त्यांच्या कामातून आयुष्यभर गेला नाही. त्यांनी १९५६ साली काढलेला बांधलेला बैल २०२५च्या एप्रिलमध्ये लिलावात ६१ कोटी ८० लाखांना गेला. हे वाचून कुणाच्या तोंडाला कडू चव येत असेल तर मी त्याला अरसिक म्हणणार नाही. वेदना देखणी केली की तिची किंमत लावता येते. मग देखणेपणा हाच गुन्ह्यातला साथीदार नाही का?

बराच काळ मला या प्रश्नाला उत्तर सुचत नव्हतं. चित्रकार विवान सुंदरम यांच्या 'मेमोरियल' या कलाकृतीचा विचार करताना थोडं सुचलं. १९९२-९३च्या मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला होता. सुंदरम यांनी तो फोटो घेतला आणि त्याच्या प्रतींवर खिळे ठोकले, शेकडो, ओळीने, मन लावून. ऐकताना हे क्रूर वाटतं. पण तो खिळ्यांचा थर त्या देहावर पांघरुणासारखाही येतो. वर्तमानपत्रातला तो माणूस दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला. कुणाची भाजी त्यात बांधली गेली असेल. इथे त्याच्यासाठी कुणीतरी तासन्‌तास बसून काम केलं. निगुतीने केलेलं काम हाही आदराचाच प्रकार असतो. आपण प्रेताला आंघोळ घालतो, नवं कापड घालतो, ते त्याला काही कळतं म्हणून नाही. बाजाराचा प्रश्न याने सुटत नाही, हे कबूल. पण ६१ कोटींचा दोष बैलाच्या रेषेवर टाकणं म्हणजे सोन्याचा भाव वाढला म्हणून सोनाराच्या कारागिरीला शिव्या देणं. रेषा वाईट असती तर बैलाची वेदना जास्त खरी झाली असती का?

एक शंका मात्र मी दुसऱ्या बाजूच्या गोटातल्यांना विचारणार आहे. सौंदर्य आणि अस्वस्थता हे दोन शब्द आता प्रदर्शनाच्या माहितीपत्रकावर मीठमसाल्यासारखे पडू लागलेत. थोडं हे, थोडं ते, झाली समकालीन कलाकृती. डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने २००७ साली माणसाच्या कवटीचा प्लॅटिनमचा साचा करून त्यावर ८,६०१ हिरे जडवले. मृत्यू आहे, चमक आहे, दोन्ही शब्द लागू. पण पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न काय येतो? 'केवढ्याला?' तिथे सौंदर्य वरून चिकटवलेलं आहे, आणि अस्वस्थता हिऱ्यांच्या हिशेबात विरून जाते. म्हणजे दोन्ही असले की काम झालं, असंही नाही. एकातून दुसरं निघावं लागतं.

याच्या उलट प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा मुलगा, घरात पिढ्यांचं खाणकाम. तो खाणीबद्दलची चित्रं कोळशानेच काढतो, कधी अख्ख्या भिंतीवर. खाणकामगाराच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा असतो किंवा आणखी काही. माणूस आणि हत्यार यांतली रेघ पुसट होते. तो काळा रंग इतका मऊ, इतका खोल आहे की बोट फिरवून पाहावंसं वाटतं, आणि त्याच क्षणी लक्षात येतं की हीच धूळ कुणाच्या तरी छातीत बसली आहे. इथे देखणेपण आणि भय यांचा पुरवठा एकाच खाणीतून होतो. हिरे बाजूला ठेवा, मला हा कोळसा द्या.

या वादात अधूनमधून तिसरा पक्ष येतो : बंदीवाला. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींची 'लव्हर्स' ही चित्रं लागली, पोलीस आले, चित्रं उतरवायला सांगितलं. पदमसींनी नकार दिला, अटक झाली, आणि खटला ते उच्च न्यायालयापर्यंत जिंकले. पुढे जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०२३ साली, त्याच पदमसींची आणि गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची मिळून सात चित्रं परदेशातून विकत आणली तेव्हा मुंबईत कस्टम्सने ती अश्लील म्हणून अडकवली. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सोडायला लावली. प्रत्येक नग्न चित्र अश्लील ठरत नाही, असं बजावावं लागलं. मला यातली साखळी मजेशीर वाटते. अधिकाऱ्याने पाहिलं काय? नागडं शरीर. वहीतल्या मास्तरांनी पाहिलं काय? भयाण विषय. आणि कॅलेंडरवाल्याने? महत्त्वाचा विषय. तिघेही विषयापाशी थांबले. रेषा कुठे दाबली, रंग कुठे सोडला, चित्र पाहायला किती पावलं मागे जावं लागलं, हे तिघांतल्या कुणीही विचारलं नाही. बंदीवाला आणि बंडवाला एकमेकांचे शत्रू म्हणवतात खरे, पण चित्र दोघांनाही फक्त बातमीसारखं वाचता येतं.

यात गॅलऱ्यांचाही दोष आहेच, तो झाकण्यात अर्थ नाही. चित्राशेजारी इंग्रजीत दीड फूट मजकूर, त्यात कळण्यासारखी दोन वाक्यं. वातानुकूलनाच्या गारठ्यात 'तुम्ही इथे कसे?' अशा नजरेने पाहणारी स्वागतिका. कुणाला वाटेल, लोकांना हे नकोच आहे. पण ठाण्यात वर्षानुवर्षं क्ष-किरणतज्ज्ञाची प्रॅक्टिस करत शहरातल्या माणसांची चित्रं काढणाऱ्या सुधीर पटवर्धनांनी २००८च्या सुमारास समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नेलं, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले. इतकं साधं काम पुन्हा का होत नाही, हे मला समजलेलं नाही. दचकण्याची तक्रार करणारा माणूस निदान चित्रासमोर उभा तरी राहिलेला असतो.

कोचीच्या त्या वखारीतून मी बाहेर आलो तेव्हा दाराशी एक मराठी जोडपं चपला काढाव्यात की नाही अशा विचारात उभं होतं. माझ्या पँटच्या ओल्या कडा पाहून काकांनी विचारलं, "आत काय आहे हो?"

"पाणी," मी म्हणालो.

"नुसतं पाणी?" काकूंनी नाक मुरडलं. मग वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर हातातली पिशवी काकांकडे दिली, साडीचा काठ वर खोचला आणि काकांची वाट न पाहता पहिली पायरी उतरल्या.